संगणकातली पाल

असत्य बोलणे हा दोष आहे, हे सर्वच जण जाणतात. परंतु दुसऱ्याच्या गैरसमजातून आपले भले होत असता स्वस्थ बसून राहणे हा दोष की निव्वळ व्यवहार, याचा निवाडा मोठमोठ्या शास्त्रकारांनाही सहजी देता आला नसता. हिंडलग्याच्या आण्णाप्पांना मात्र तो सत्त्याऐंशी सालच्या वैशाखात, एका रविवारी भर दुपारी, उभ्याउभ्या द्यावा लागला.

आण्णाप्पा बेळगावातील एका सहकारी दूध संघात हेडक्लार्क होते. संघाने नुकताच संगणक घेतला होता. त्याच्यासाठी एक खोली सदैव थंड ठेवलेली असे, आणि तीत शिरताना अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळे देवळात शिरावे तशी पायताणे बाहेर काढीत. गावोगावी संघाला दूध घालणाऱ्यांची समग्र माहिती आता त्या यंत्राच्या पोटात होती. हुबळीहून आलेल्या यंत्रज्ञाने आण्णाप्पांना त्या पोटातील हार्ड डिस्कची भाषा शिकवली होती. खरखर ऐकू आली तर समजावे, काम चालले आहे. घरघर आली तर पंख्यात धूळ आहे. पण टक्, टक् असा कोरडा आवाज आला, तर डिस्क अखेरच्या घटका मोजते आहे असे समजून तत्क्षणी बटण बंद करावे. आणि असा प्रसंग येण्यापूर्वीच दर शनिवारी सगळे फ्लॉपीवर उतरवून ठेवावे. आण्णाप्पांनी मान डोलावली होती. होळीपर्यंत त्यांनी ते व्रत पाळलेही. पुढे मुलीच्या लग्नाची खटपट सुरू झाली आणि शनिवार हुकत गेले.

त्या रविवारी त्यांच्या जयाला पाहायला निपाणीहून यल्लव्वा आणि त्यांचा मुलगा परशराम आले होते. परशराम हायस्कुलात गणित शिकवीत असे. यल्लव्वांचे माहेर गोकाकचे. त्यांनी आजवर चार-पाच मुली नाकारल्या होत्या, आणि कारण प्रत्येक वेळी एकच होते: मुलीचा बाप खोटे बोलतो. पोहे झाले, चहा झाला, पण यल्लव्वांच्या तोंडून होकार निघेना. उकाड्याने जीव कासावीस झालेला. तेव्हा आण्णाप्पांना सुचले की पाहुण्यांना बसस्टँडवर पोहोचवता पोहोचवता संघाच्या थंड खोलीत घटकाभर बसवावे, यंत्र दाखवावे, म्हणजे आपलाही थोडा रुबाब कळेल. किल्ली त्यांच्यापाशीच असे.

जया आणि तिची आईही बरोबर निघाल्या, आणि सगळे आत आले. यल्लव्वा गारव्याने सुखावल्या आणि यंत्राच्या टेबलाशेजारीच खुर्ची ओढून बसल्या. आण्णाप्पांनी बटण दाबले. पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली. यल्लव्वांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"पाव्हणं, पोरगी सैपाकात कशी हाय म्हणालासा?"

"लई हुशार," आण्णाप्पा म्हणाले.

यंत्राची नुसती खरखर. जयाला मात्र राहवले नाही. "न्हाय ओ आक्का. भाकरी थापताना फाटती माझी."

टक्.

यंत्रज्ञाने सांगितलेला तो कोरडा आवाज आण्णाप्पांनी ओळखला. यल्लव्वांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी तर्जनीने टेबलावर तीनदा ठोकले आणि म्हटले, "कृष्ण कृष्ण. बघा, पालीनं साक्ष दिली."

त्यांच्या माहेरच्या मुलखात खरे बोलणे कानी पडले की पाल चुकचुकते, अशी दृढ श्रद्धा. जयाची आई सोनुबाई हिचा पांढरा पडलेला चेहरा वेगळेच सांगत होता. तिच्या घरी पाल चुकचुकणे म्हणजे पुढच्या संकटाची वर्दी. संकटाविषयी सोनुबाईचेच बरोबर होते, हे त्या खोलीत फक्त आण्णाप्पांना ठाऊक होते. ते बटणाकडे निघाले.

"बसा की. पाल बोलती तवा उठू नये," यल्लव्वा म्हणाल्या, आणि जयाकडे वळल्या. "शिकलीस किती गं?"

"बी. कॉम. च्या दुसऱ्या वर्षाला नापास झाल्ये. पुन्यांदा बसणार हाय."

टक्.

यल्लव्वांनी पुन्हा टेबल ठोकले. त्या धक्क्याने डिस्क आणखी एकदा चुकचुकली. ती तिसरी साक्ष मानून त्यांनी आणखी जोराने ठोकले. त्यावर चौथी आली. परशराम खाली मान घालून हसू दाबीत होता. जया एकामागून एक आपले सगळे उणे सांगत गेली, आणि यल्लव्वांची माया वाढत गेली.

आण्णाप्पांची अवस्था मोठी करुण झाली. प्रत्येक ठोक्यासरशी मुलीचे लग्न एक पाऊल जवळ येत होते आणि पंचक्रोशीतील दूधवाले एक पाऊल दूर जात होते. बटण बंद करावे तर पाल गप्प होणार. न करावे तर उद्या अध्यक्षांपुढे काय तोंड दाखवायचे? बरे, गप्प राहण्यात त्यांना खोटे असे काहीच बोलावे लागत नव्हते. हाच विचार मनात आला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. यल्लव्वांना हवे आहे खरे बोलणारे घर, आणि आपण त्यांना मुलगी देतो आहोत ती पालीच्या नावावर!

ते उठले आणि हात जोडून उभे राहिले. "आक्का, ही पाल न्हाय. ह्यो कॉम्पुटर बिघडायलाय. मला ठावं असून मी गप बसलो. आनि पोरीच्या सैपाकाचं बी मी खोटंच बोललो."

टक्.

यल्लव्वांचा हात वर गेला. "टेबल नगं आक्का, पाया पडतो," आण्णाप्पा कळवळले. यल्लव्वांनी शांतपणे वाकून फरशीवर ठोकले.

"कृष्ण कृष्ण. पैला बाप बघितला खरं बोलणारा. पोरगी आमची."

आण्णाप्पांनी डोळे पुसले आणि आधी बटण बंद केले. यंत्र निवल्यावर ते पुन्हा चालू करून, हाती असेल तेवढा वेळ फ्लॉपीवर सारे उतरवायचे ठरले. आण्णाप्पा कळा दाबू लागले, परशराम फ्लॉप्या बदलू लागला, आणि जया प्रत्येकीवर गावाचे नाव लिहू लागली: पिरनवाडी, अनगोळ, हिंडलगा.

यल्लव्वांनी एकच ताकीद दिली. "काम हुईस्तवर कुणी खरं बोलू नगा. ती परत बोलंल."

ही पाल नव्हे, हे त्यांना इतके समजावूनही त्यांचे मत तसूभर हलले नव्हते. दोन-तीन फ्लॉप्या भरल्या. मग आण्णाप्पा हळूच म्हणाले, "जयाच्या भाकरीला अख्ख्या हिंडलग्यात तोड न्हाय." डिस्क नुसती खरखरली. सोनुबाई म्हणाली की तिला कसलीही काळजी वाटत नाही. खरखर चालूच राहिली. परशरामाने नवी फ्लॉपी घातली, आणि यंत्राकडेच पाहत गंभीरपणे म्हणाला, "मला पोरगी पसंत न्हाय."

जयाने पेनाचे टोपण लावले. "मला बी पोरगा पसंत न्हाय."

डिस्क गुण्यागोविंदाने खरखरत राहिली, आणि शेवटच्या गावापर्यंत एकदाही चुकचुकली नाही.

त्या दोघांचा संसार असाच निर्वेध चालो. आपले उणे आपणच सांगण्याचे धैर्य त्यांच्या मुलाबाळांना लाभो. आणि ज्यांनी एका दुपारी सत्यासाठी आपल्या लाभावर पाणी सोडण्याची तयारी केली, त्या आण्णाप्पांचे शनिवार यापुढे कधी न हुकोत.