अप्पांचा इंग्लंडातला वार्ड

आमच्या चकलांब्यात अप्पांना आमदार कोण असं विचारलं, तर ते शेळीच्या कानातली गोचीड काढत म्हणतात, "असंल कुणीतरी." पण इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका लहान शहरात, एका ठरावीक वार्डात, कचरा कोणत्या दिवशी उचलतात हे त्यांना पाठ आहे. हिरव्या झाकणाचा डबा आठवड्याआड शुक्रवारी. मागे एकदा तिथल्या नगरपालिकेनं तो वार बदलला, तर अप्पा बबनच्या हॉटेलात सकाळभर अस्वस्थ. चहा गार झाला तरी हात लावला नाही.

"लोकायला आदी सांगाया नगं का, सर? म्हातारी माणसं डबा भायेर ठिवून बसतील."

सर म्हणजे मी. इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. शिकवण्यापुरतं बोलतो, एरवी गप्प असतो. अप्पांच्या मोबाईलमधलं इंग्रजी वाचून दाखवणं हे गेली काही वर्षं माझ्याकडे आलेलं काम आहे. कसं आलं ते पुढं सांगतो. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वार्डाची नगरसेविका हेलनबाई. अप्पांची लेक सुनीता त्याच वार्डात राहते, तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, हे गावाला माहीत आहे. पण अप्पा सुनीताबद्दल कधी बोलत नाहीत. बोलतात ते हेलनबाईबद्दल. त्यामुळं गाव हसत म्हणतं की म्हाताऱ्याला पोरीपेक्षा बाईचं कौतुक जास्त. मीही त्या हसण्यात हसलेलो आहे.

अप्पा स्वतः एकदा ग्रामपंचायतीचे सदस्य होते. त्या काळात त्यांनी आपल्या आळीतल्या खांबांवर दिवे लावून घेतले, पुढच्या निवडणुकीत पडले आणि शेळ्यांकडे परत गेले. राजकारणाचं त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात आहे. "माणूस गटारीपासून वर आला पायजे." जो थेट स्टेजवर दिसतो त्याच्यावर त्यांचा विश्वास नाही.

हेलनबाई या कसोटीला पुरेपूर उतरलेली. आधी ती ग्रंथालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर होती. पहिल्यांदा नगरसेवकपदाला उभी राहिली आणि पडली. दुसऱ्यांदा आली. मग रस्त्यांच्या समितीवर गेली, मग नगरपालिकेत दोन नंबरची झाली. तिच्या इंटरनेटवरच्या पानावर फोटो कशाचे, तर तुंबलेली गटार, खचलेला फूटपाथ, खड्ड्यात पट्टी धरून वाकलेली बाई. पुढाऱ्याला वाकलेलं मी प्रथमच पाहत होतो. वर्गात नागरिकशास्त्राचा तास घ्यायची वेळ आली की आता मला तीच पट्टी आठवते.

हॉटेलात मात्र अप्पांची रोज फिरकी.

"अप्पा, किती गाड्या हायत तुमच्या बाईकडं?" गळ्यात पक्षाचा रुमाल घातलेला कुणीतरी विचारायचा.

"सायकल हाय."

"मंग पडती ती."

"पडलती की. मंग आली."

बबन गल्ल्यावरून म्हणायचा, "अप्पा, तिला म्हणावं जरा चकलांब्याचा रस्ता बी बघ."

अप्पा गंभीरपणे मान हलवायचे. "तिच्या वार्डात येत न्हाई."

तिथल्या नगरपालिकेची बैठक मोबाईलवर बघायला मिळते. एकदा दीड तास एका झाडावर चर्चा चालली. मुळांनी फूटपाथ उखडलाय, तर तोडायचं की ठेवायचं. अप्पांना एक शब्द कळत नव्हता, पण ते मांडी घालून, टोपी नीट करून शेवटपर्यंत बसले.

"काय म्हणती बाई?"

"म्हणते, झाड ठेवा."

"ठिवलं?"

"पुढच्या बैठकीत ठरणार आहे."

पुढच्या बैठकीच्या सकाळी अप्पा अंघोळ करून, गंध लावून हॉटेलात हजर. झाड राहिलं. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल ते बबनला अजून कळलेलं नाही.

आता हे काम माझ्याकडं कसं आलं ती गोष्ट. एका रविवारी फोनवर सुनीताच्या तोंडून निसटलं, की बसथांब्यापासून घरापर्यंतच्या बोळातला दिवा बंद आहे. रात्रपाळीहून ती त्याच बोळानं येते. लगेच म्हणाली, काही नाही अप्पा, सगळं बरं आहे. पण अप्पांच्या डोक्यात तो बंद दिवा बसला. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आले, चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. "सर, तितल्या मेंबराला कळवता येतं का?"

मी बाईंना निरोप लिहिला. तुमच्या वार्डातल्या एका मुलीचे वडील भारतातून विचारतात. उत्तर येईल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलं. आठवड्यात बाईंनी आपल्या पानावर फोटो टाकला. बोळ, खांब आणि पेटलेला दिवा. अप्पांनी तो फोटो कितीतरी वेळ पाहिला. मग मला म्हणाले, "सुनीला सांगू नगा. कळलं तर पुन्ना काय बोलायची न्हाई ती."

तेव्हापासून गाव ज्याला हसतं त्यामागं काय आहे ते मला ठाऊक होतं. तरी मी हसत राहिलो. गप्प माणसाला ते सोपं जातं.

मग हेलनबाई पार्लमेंटला उभी राहिली. हॉटेलात जणू चकलांब्याचाच उमेदवार. अप्पा नारायणगडाला जाऊन नवस बोलून आले, हे कळल्यावर तर पैजा लागल्या. निकाल आपल्याकडं सकाळी लागला. मोबाईलवर दिसत होतं, खेळाच्या हॉलमध्ये सगळे उमेदवार एका ओळीत उभे, त्यात गंमत म्हणून उभा राहिलेला एकजण कोंबडीचा पोशाख घालून. पडलेलेही जिंकलेल्याशी हात मिळवत होते. बबन म्हणाला, "पडलेल्याला बी वर उभं करतेत? आपल्याकडं पडलेला आठ दिस घरातून निघत न्हाई."

बाई निवडून आली. कुणीतरी अप्पांच्या कपाळाला गुलाल फासला. ग्रंथालयातली बाई पार्लमेंटात गेली, ना ढोल ना ताशा. अप्पा म्हणाले, "बरं झालं," आणि शेळ्या सोडायला निघून गेले.

दोन-तीन दिवसांनी मीच त्यांना मोटरसायकलवर गडावर नेलं. नवस फेडायला हवा ना. अप्पांनी दर्शन घेतलं, पण पिशवीतला नारळ काही बाहेर काढला नाही. पायऱ्यांवर येऊन बसले.

"अप्पा, नारळ?"

"कशाचा फोडू? ती पडावी म्हणून मागितलं होतं मी."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"आता ती लंडनला ऱ्हाणार. देश बघणार. सुनीच्या बोळातला दिवा तितून दिसतो का, सर?"

त्यांनी नारळाची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"पोरगी दर रविवारी म्हणती सगळं बरं हाय. मागच्या हिवाळ्यात बी बरंच होतं. अन् बाईच्या फोटोत बघतो तर बाई गुडघाभर पाण्यात उभी, अन् मागं सुनीचं निळं दार. खालची फळी पाण्यात." त्यांनी टोपीच्या कडेला राहिलेला गुलालाचा डाग अंगठ्यानं पुसला. "पोरगी खोटं बोलत न्हाई. जीव लावती म्हणून सांगत न्हाई. मंग आपुन दुसरीकडून बघाया लागतं."

थोड्या वेळानं म्हणाले, "तुमचं पोरगं पुण्याला हाय ना? वार्ड कोंचा?"

मला माहीत नव्हतं. तो कुठल्या भागात राहतो तेवढं माहीत होतं. गल्ली कशी आहे, घर कितव्या मजल्यावर, काही नाही. तो फोनवर बरं आहे म्हणतो, मी बरं म्हणतो आणि ठेवतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय. अप्पांना मी म्हणालो, "विचारलं नाही कधी." त्यांनी मान वळवून दुसरीकडं पाहिलं. शहाणपण सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग उठले, आत गेले आणि नारळ फोडला. "बाईचा काय दोस," म्हणाले. अर्धी वाटी माझ्या हातात दिली.

खाली गाडीपाशी आल्यावर म्हणाले, "तिच्या जागंवर कोण उभं ऱ्हातंय, बघा बरं मोबाईलात." बघितलं. दाढीवाला एक तरुण. त्याच्या पानावर एकुलता एक फोटो होता, गटारीच्या जाळीवर वाकून आत बघताना. अप्पांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"वाकलाय तर खरा," म्हणाले. "चला, लावा गाडी."

त्या दिवशी संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. मुलाला म्हणालो, "तुझ्या गल्लीत दिवा आहे का?"

तो म्हणाला, "कावून, बाबा?"

पुण्याला गेल्यापासून तो ‘का’ म्हणायचा, गावचा हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

"अप्पांनी विचारलंय," मी म्हणालो.