बैकालच्या काठचा इशारा

गुरुवारी सकाळी आकांक्षाने कोरा तक्ता वडिलांपुढे पसरला. ती शिकवायची त्या शाळेच्या भूगोल प्रदर्शनासाठी बैकाल सरोवराची माहिती लिहायची होती, आणि भीमराजांचं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं होतं. सिद्धेश्वर धरणावरचा पाणीपातळीचा फळा तीस वर्षं त्यांनीच लिहिला होता.

ते मन लावून लिहीत गेले. लांबी सहाशे छत्तीस किलोमीटर. खोली सोळाशे मीटरच्या वर. पृथ्वीच्या पाठीवरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा पाचवा हिस्सा एकट्या या सरोवरात. मग हात थांबला.

"माय, तीनशेच्या वर नद्या आत येऊन राहिल्या अन् बाहेर जाऊन राहिली एकच?"

"हो. अंगारा."

"दरवाजे किती?"

"बाबा, ते धरण नाही."

ती आंघोळीला गेली. भीमराजांना काही चैन पडेना. त्यांनी तक्त्याच्या तळाशी लाल शाईने लिहून टाकलं : पाण्याची आवक जास्त आहे. नदीकाठच्या लोकांनी मोटारी व जनावरे हलवावीत. तक्ता गुंडाळून दिला. आकांक्षाने तो घाईघाईत, न वाचताच शाळेच्या फाटकाशी लावला आणि ती तास घ्यायला गेली.

नदीकाठी शेती असलेल्या किशनरावांनी शेतावर जाताना फक्त लाल ओळींचा फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. अक्षर साऱ्या काठाच्या ओळखीचं होतं आणि त्या अक्षरातला इशारा कधी खोटा ठरला नव्हता. अकरापर्यंत पूर्णा नदीतून पाणी उपसायच्या नऊ मोटारी वर आल्या, रुक्माबाईंच्या शेळ्या सातवीच्या वर्गात आल्या, आणि धरणाचे दरवाजे बंद असताना इशारा दिला कोणी, असा तहसीलमधून फोन आला.

नवे मुख्याध्यापक सोमेश्वर सर शेळीच्या तोंडातून हजेरीपट सोडवत तेच विचारू लागले. किशनराव आकांक्षाकडे पाहत उभे होते. ती म्हणाली, पोरांपैकी कोणीतरी असेल.

संध्याकाळी तिने वडिलांना चांगलंच ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मोटारी निघाल्या न्हवं समद्या?" मग पोटभर जेवले. शुक्रवारी पहाटे झोपेतच गेले.

भेटायला सारा नदीकाठ आला. सोमेश्वर सरही आले. काय बोलावं ते न सुचून त्यांनी तक्त्याचाच विषय काढला. लिहिणारं पोरगं अजून सापडलं नाही, सापडलं की चांगली समज देणार, म्हणाले. नऊ मोटारींचे मालक एकाएकी जमिनीकडे पाहू लागले.

"जाऊ द्या की सर," किशनराव म्हणाले. "काहून तकलीफ घेता?"

आकांक्षा उठून उभी राहिली.

"पोरांनी नाही लिहिलं, सर. ते माझ्या बाबांचं अक्षर आहे."