नळ उघडून दाखवा

मुलीला परदेशात नोकरी लागली तेव्हा मी एकच छोटासा निर्णय घेतला : तिची राहायची जागा मी स्वतः तपासणार. (एकोणतीस वर्षं आवक-जावक विभागात आहे. शिक्का तिरका असला तरी मी कागद परत पाठवतो.)

बाहेरच्या देशांतून आलेल्या लोकांना भाड्याने खोल्या मिळवून देणारी एक संस्था तिने नेटवर शोधली होती. फोटो बघताच माझी शंका बळावली.

"तिन्ही खोल्यांचे पडदे सारखेच! एकच खोली तीन बाजूंनी काढलीय."

"बाबा, पडदे एकदम घेतले असतील."

"आणि दोरीवर एक टॉवेल नाही. माणसं राहतात की नाही तिथे?"

"अहो, फोटो काढताना कोण टॉवेल वाळत घालतं?" बायको आतून म्हणाली. तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. (हे मी फक्त ती दुसऱ्या खोलीत असतानाच करतो.)

मग मी भाडेकरूंचे अभिप्राय वाचले. सगळे गोड! शेवटी एक सापडला : वरच्या मजल्यावरचा माणूस बेसूर बासरी वाजवतो. जरा हायसं वाटलं. लबाड संस्था बेसूर बासरीवाला कशाला ठेवील?

रविवारी मी एक्केचाळीस प्रश्नांची यादी घेऊन व्हिडिओ कॉल लावला. संस्थेची बाई मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. थेट खोलीतच उभी होती. माझं इंग्रजी अर्जातलं. 'सविनय' म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही.

"सविनय विनंती, नळ उघडून दाखवा."

तिने उघडला.

"गरम?"

कॅमेऱ्यावर वाफ धरली.

"दाराला आतून कडी लावा. आता बाहेरून ढकला."

"सर, मी आत आहे."

"हो, हो. मग आतूनच ओढा."

तिने ओढलं. दार हललं नाही. यादी संपली, तरी माझ्याने फोन ठेववेना.

"एखादी मुलगी आजारी पडली, तर?" हा प्रश्न यादीत नव्हता.

ती पलंगाच्या कडेला बसली. "मीही इथे परकीच आले होते, सर. पहिल्याच आठवड्यात तापाने फणफणले. शेजारची बाई दोन दिवस उशाशी बसली. आता नव्या मुलींच्या उशाशी मी बसते."

माझा चष्मा धुरकटला. (तिकडच्या नळाची वाफ असावी.)

बाहेर येऊन मी जाहीर केलं, "संस्था खरी आहे. खोली घ्यायला हरकत नाही."

मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अहो, खोली सोमवारीच घेतली," बायको म्हणाली. "तिथे राहणाऱ्या तीन मुलींशी मी आधीच बोलले होते."

"मग ती बाई मला नळ का दाखवत होती?"

"मीच सांगून ठेवलं होतं. म्हटलं, आमचे हे फोन करतील, सगळं दाखव. नाहीतर पोरगी विमानात बसेपर्यंत यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

मी रागवायच्या तयारीत होतो, पण मुलीने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. "बाबा, ती कडी मलाही बघायची होती. विचारायची लाज वाटत होती."

रागवायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. "बाबा, त्या बाईंचा मेसेज! तुमचा कॉल रेकॉर्ड झालाय. नव्या कर्मचाऱ्यांच्या ट्रेनिंगला तो दाखवू का, विचारतायत."

माझी मान ताठ झाली. "सावध पालक कसा असावा म्हणून?"

मुलीने पुढचं वाचलं, ओठ दाबले आणि मोबाइल आईकडे दिला. आईने मोठ्याने वाचलं :

"संयम कसा ठेवावा म्हणून."