कुरडयांवरचं कार्टून

सिनेमाच्या जुन्या रिळी दुरुस्त करण्यात अख्ख्या गारखेड्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी सासुरवाडीत सांगून बसलो होतो. हे काम गारखेड्यात दुसरं कुणी करतच नाही, ते सांगायचं राहिलं.

रीळ सासऱ्यांची होती. केरबामामा पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा चालवायचे. मोठ्या पिक्चरआधी पोरांनी गप बसावं म्हणून एक विलायती कार्टून लावायचे. त्यात एक बोकड जाडजूड पोलिसाची टोपी खातं, मग पट्टा, मग पँट. वैजापूरच्या घरात त्याचा डबा सापडला. उघडला तर कुजक्या फिल्मचा शिरक्यासारखा वास आणि आत तुकडेच तुकडे.

"जावईबापू, नजर चाललीय," मामा म्हणाले. "दिसतंय तवर एकदा ते बोकड दाखवा."

मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार आहे.

उन्हाळाभर मी गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या मलमलनं एकेक तुकडा पुसला, भिंगातून बघून क्रम लावला, जोडला. मान कायमची वाकडी झाली. "एवढ्या मायेनं कधी माझं डोकं चेपलं नाही," असं बायको, रत्नमाला, येता-जाता ऐकवायची.

खेळासाठी सासू-सासरे आमच्याकडं राहायला आले. खेळ ठरला त्या सकाळी वास उडावा म्हणून रीळ गच्चीवर सावलीत दोरीला टांगली आणि मी प्रोजेक्टर आणायला गेलो. परत येतो तर दोरी रिकामी! पलीकडं सासूबाईंनी कुरडया वाळत घातलेल्या, आणि त्यांच्यावर काठ्यांना बांधलेलं माझं कार्टून वाऱ्यावर फडफडत होतं. कात्रीनं कापून, हात-हातभर.

"मामी, हे काय केलं?"

"पारवे लई झालेत. गावाकडं बाजरीवर आम्ही कॅशेटची रीळ बांधतो. तुमी वाळत घातली, मला वाटलं ह्याच्यासाठीच."

मी खालीच बसलो.

"उठा अहो," रत्नमाला म्हणाली. "बाबा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसलेत."

मग काय, क्रम लावायला वेळ कुठला? गाठी सोडल्या आणि हाताला येईल तो तुकडा जोडत सुटलो.

संध्याकाळी भिंतीवर चादर लावली. मामा अगदी पुढं बसले. पोलीस आधी उघडा पळाला, मग पँट घालून आला. एक तुकडा उलटा लागला, त्यात बोकड खाली डोकं वर पाय. बोकडाच्या तोंडातून टोपी निघाली आणि पोलिसाच्या डोक्यावर बसली. प्रोजेक्टरच्या घरघरीत मामांचे खांदे तेवढे हलताना दिसत होते. मी अंधारात घाम पुसत होतो. त्यांची एवढी एक इच्छा, आणि मी तिची माती केली.

दिवा लावला. मामा डोळे पुसत होते. हसून हसून.

"मामा, चुकलं माझं. तुकडे मागंपुढं लागले."

"चुकलं कुठं? अस्संच चालायचं! तंबूत रीळ तुटली की पब्लिक दगड मारायची. हाताला येईल तो तुकडा जोडायचो. सरळ लावलं असतं तर मला वळखूच आलं नसतं."

म्हणजे उन्हाळाभर मी जे बिघडवत होतो, ते सासूबाईंनी एका सकाळी दुरुस्त केलं.

तेवढ्यात कुरडया काढायला गेलेल्या त्या गच्चीवरून रिकामं ताट घेऊन खाली आल्या.

"जावईबापू, पुढच्या टायमाला कॅशेटचीच आणा. तुमच्या रिळीला सकाळी एक पारवा भ्याला नाय."