हवा लागू देऊ नका

२००४च्या दिवाळीत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी एका घरी जेवण चालू असताना वझेकाकांनी यजमानीणबाईंच्या हातातून लोणच्याची बरणी काढून घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

"हवा लागतेय," ते म्हणाले. लोणचं अर्ध्या पंगतीलाच मिळालं.

काका आणि मी जनावरांच्या रोगनिदानाच्या एका लॅबमध्ये होतो. हवा लागली की मरतात असे जंतू आजारी जनावरांच्या सॅम्पलमधून शोधणं हे त्यांचं काम. सवय घरीही सुटत नसे. पोळ्यांच्या पिशवीतली हवा ते स्ट्रॉने ओढून काढत. एका जागी बसत नसत. फोन तर उचलतच नसत. "माणसं फार बोलतात."

त्याच आठवड्यात हेलन नावाच्या, एकट्याने गाई सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं एक वासरू अचानक मेलं. त्याच्या जखमेत फिरवलेली कापसाची काडी लॅबमध्ये आली. तिच्यातून प्लेटवर काहीच उगवलं नाही.

"निगेटिव्ह लिहून टाकू या ना, काका."

"काडी उघडी आलीय, गाढवा! वाटेत हवेनं मेले ते. आणि आपण लिहायचं, कुणी नव्हतंच?"

तेवढ्यात हेलनचा फोन आला. दुसरंही वासरू सकाळी गेलं होतं. आणखी एक गेलं तर त्या सगळा कळप विकणार होत्या.

काका स्वतः गाडी काढून गेले. मेलेल्या वासराच्या मांडीच्या मांसाचा जाड तुकडा कापून, डब्यात हवाबंद करून आणला. त्यातले जंतू वाढवायच्या प्लेटा हवा काढून टाकलेल्या जारमध्ये गेल्या. हा जार दोन दिवस उघडायचा नसतो.

काका त्याभोवती फेऱ्या मारत राहिले.

"जरा बघू या का, काका?" मी विचारलं.

"हात लावून तर बघ!"

हेलन दिवसातून तीनदा फोन करत. प्रत्येक वेळी काकाच धावत जाऊन उचलत. विषय वासरांवरून हेलनच्या गुडघ्यांवर जाई, तिथून काकांच्या गुडघ्यांवर.

जार उघडला. प्लेटांवर जंतू उगवले होते. तपासून काका म्हणाले, "फऱ्या." धडधाकट वासरू एका दिवसात मारणारा, पण लसीने टळणारा रोग.

उरलेल्या वासरांना लस दिली गेली. त्यानंतर एकही दगावलं नाही.

काका दर रविवारी तिकडे जाऊ लागले. कुणी विचारलं तर म्हणत, "सॅम्पल आणायला."

त्या हिवाळ्यात हेलनच्या गोठ्यातून लॅबमध्ये एकही सॅम्पल आलं नाही.