भास्करकाकांचा उजवा खांदा

भास्करकाका राऊत माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत. ते खांद्यांकडे बघतात. आधी डावा, मग उजवा, मग दोन्हींची तुलना. पहिल्या भेटीत त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "डावा खांदा वर चढलाय तुमचा," म्हणाले. "किती महिने झाले?"

"चार," मी म्हटलं.

"जखडला. आता तो सवडीनंच सुटणार." आणि एखाद्या ढ विद्यार्थ्याच्या बापाकडे बघावं तसं त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं.

ही भेट झाली विरार पश्चिमेला, मार्टिना मॅडमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये. मी तिथे का गेलो होतो हे सांगायची मला अजून लाज वाटते. लोक काहीतरी पराक्रम करून खांदा दुखावून घेतात. मी काहीच केलं नव्हतं. मॅडमनी विचारलं, "पडलात का?" नाही. "जड काही उचललंत?" मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "यांनी काही उचललं असतं तर मी पेढे वाटले असते." शुगर असलेल्यांचा खांदा कधीकधी असा बसल्या जागीही जखडतो, असं मॅडमनी सांगितलं. सत्तावीस वर्षं मी खुर्चीत बसून नोकरी केली. शेवटी खांद्यानं माझंच वळण उचललं.

काकांचं तसं नव्हतं. ते आगाशीचे, घरची केळीची वाडी. सत्तरी ओलांडलेला हा माणूस केळीचा लोंगर खांद्यावर घेऊन येताना पाटातल्या चिखलात घसरला, आणि लोंगर वाचवायला उजवा हात टेकून पडला. खांद्यातला एक स्नायू अर्धा फाटला. "पण लोंगराला ओरखडा नाही," हे ते आजही छाती काढून सांगतात. छाती निघते, हात मात्र वर जात नाही.

तेव्हापासून त्यांनी खांदा हा विषय घेतला. क्लिनिकच्या भिंतीवर सांध्याचं एक रंगीत चित्र आहे, त्यावरची लांबलचक इंग्रजी नावं त्यांनी मोडीत काढली आणि स्वतःची लावली. "कमरेचा सांधा म्हणजे वाटीत बसलेला लाडू. खांदा म्हणजे बशीत ठेवलेला लाडू. बशी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. आणि म्हणूनच लाडू घरंगळतो. त्याला धरून ठेवायला चार दोऱ्या. माझी वरची दोरी विरलीय. तुमच्या दोऱ्या ठीक आहेत, पण वरची पिशवी आटलीय." पाण्याचा जार घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी हे सगळं ऐकवलं. तो बिचारा जार खांद्यावर घेऊन उभाच, कारण काकांना त्याच्याच खांद्यावर बोट ठेवून दाखवायचं होतं.

आम्हा खांदेवाल्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. जिथपर्यंत बोट पोचेल तिथे मॅडम पेन्सिलीनं रेघ ओढून नाव घालतात. माझी रेघ दोन आठवडे जागची हलली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती एकदम चार बोटं वर गेली. मॅडम खूश झाल्या, मी विनयानं मान खाली घातली. तेवढ्यात मागून आवाज आला, "टाचा!"

मी चवड्यांवर उभा होतो.

"टाचा खाली टेका," काका म्हणाले. "भिंत तुमची सासू नाही, तिला फसवून काय मिळणार?" मॅडमनी रेघ खोडली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कॉपी करताना पकडल्यावर कुठे बघावं हे कळत नाही. मी त्या रंगीत चित्राकडे बघत राहिलो.

काकांना स्वतःची मात्र घाई होती, आणि ती कशाची हे अख्ख्या क्लिनिकला ठाऊक होतं. चैत्रात त्यांच्या गावदेवीची पालखी निघते. पुढच्या दांडीला एका अंगाला थोरला राऊत, दुसऱ्या अंगाला धाकटा राऊत, हा त्या घराचा मान. थोरल्याच्या बाजूला उभं राहिलं की दांडी उजव्या खांद्यावर येते. काकांनी एकाही वर्षी ती चुकवली नव्हती, आणि आता पालखीला महिनासुद्धा उरला नव्हता.

"अंकल, यंदा नाही," मार्टिना मॅडमनी स्पष्टच सांगितलं. "हात वर गेला तरी त्या खांद्यावर वजन घ्यायचं नाही. उरलेली दोरीपण तुटेल."

"थोडंच अंतर आहे."

"मग डाव्या खांद्यावर घ्या ना. दुसऱ्या बाजूला उभे राहा."

"तिथे मधू असतो, धाकटा."

"मग मधू अंकलना सांगा, आज जागा बदलू. त्यात काय एवढं?"

काका भिंतीकडे वळले आणि बोटांनी चढायला लागले. त्या दिवशी त्यांनी कुणाच्याही टाचा बघितल्या नाहीत.

मला उगाच मध्ये पडायची खोड आहे. क्लिनिक सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर आगाशीच्या बसपर्यंत चालत गेलो आणि विचारलं, "भावाला सांगायला काय हरकत आहे?"

"बोलत नाही आम्ही," काका म्हणाले. "चौदा वर्षं झाली. विहीर एक, वाड्या दोन. पाणी सोडायची पाळी कुणाची, यावरून झालं. माझी होती." मग जरा थांबून, "बहुतेक माझी होती."

"आणि पालखीला?"

"तिथे बोलावंच लागतं. दांडी खांद्यावर असताना पायाखालचं दिसत नाही. तो म्हणतो, खड्डा आहे. मी म्हणतो, वळण आलं. तो म्हणतो, हळू. असं देवळापासून देवळापर्यंत, तासभर." बस येऊन उभी राहिली तरी ते चढेनात. "वर्षातून तेवढंच होतं हो. मी दांडी सोडली तर माझा पुतण्या उभा राहील तिथे. मग मधू त्याच्याशी बोलेल."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "शेक घेत जा." माझ्या तोंडून नेमक्या वेळी नेमकं असंच काहीतरी निघतं.

पालखीच्या दिवशी बायकोनं मला आगाशीला पिटाळलं. "काकांना अडवा," म्हणाली. ज्याला स्वतःच्या शर्टाची डावी बाही दुसऱ्याकडून चढवून घ्यावी लागते, त्यानं पालखी अडवायची! ऊन उतरल्यावर मी पोचलो तेव्हा देवळासमोर गर्दी झाली होती. देवीचा जयजयकार झाला, सगळ्यांचे हात वर गेले. माझा डावा कानापर्यंत जाऊन थांबला. शेजारच्या बाईंना वाटलं मला काही विचारायचंय. "बाथरूम मागच्या बाजूला आहे," त्या म्हणाल्या.

भास्करकाका धुतलेलं धोतर नेसून आले. उजवा हात अंगाशी धरलेला. सरळ जाऊन थोरल्याच्या जागी उभे राहिले. पलीकडे मधूकाका, तोच बांधा, तेच नाक, नजर जमिनीवर. मी गर्दीतून वाट काढत पुढे सरकलो, पण काय बोलायचं हे ठरत नव्हतं. भाऊ नसलेल्या माणसानं दोन भावांच्या मध्ये काय म्हणून बोलायचं? मला काकांचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. ते दांडीखाली खांदा घालायला वाकले.

तेवढ्यात मधूकाका आपली जागा सोडून पालखीला पुढून वळसा घालून आले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले.

"दादा, सरक. त्या अंगाला जा."

"ती तुझी बाजू आहे."

"मला ठाऊक आहे माझी कुठली ती. जा तू."

ढोलवाले थांबले. पुजारी दोघांकडे बघत राहिले. काका क्षणभर तसेच वाकलेले होते, मग सरळ झाले आणि पलीकडे गेले. दांडी त्यांच्या डाव्या खांद्यावर आली. थोरल्याच्या जागी धाकटा उभा राहिला आणि पालखी उचलली गेली.

मी शेजारून चालत होतो, म्हणून मला ऐकू आलं. पहिल्या वळणावर मधूकाकांनी विचारलं, "हाड मोडलं म्हणे?"

"हाड नाही रे. दोरी." आणि काका सुरू झाले. बशी, लाडू, चारही दोऱ्या. बाजार गेला, तळं गेलं, वरून फुलं पडत होती आणि काका तिसऱ्या दोरीवर होते. मधूकाका मान डोलावत ऐकत होते. काका श्वास घ्यायला थांबले तेव्हा ते म्हणाले, "मग विरारला एवढे दिवस बसनं एकटाच जात होतास?"

"एकटाच," काका म्हणाले.

मधूकाकांनी दांडीवरचा हात काढून डोळे पुसले. पालखी एका बाजूला कलली आणि मागचे दोघं ओरडले, "ओ मधूकाका, आधी हात ठेवा, मग रडा!"