चिनीमातीचं म्हावरं

वाकोल्याला आमच्या शेजारी राहणारे जोगळेकर पक्के शाकाहारी. केकमध्ये अंडं असतं म्हणून वाढदिवसाला नुसत्या टाळ्या वाजवून घरी जायचे. आणि ह्याच माणसाच्या कपाटात शंभर-दीडशे मासे!

चिनीमातीचे हो! जुन्या विलायती बश्या, वाडगे, सुरया. कशावर पापलेट रंगवलेलं, तर एका झाकणावर अख्खी लाल कुर्ली, म्हणजे खेकडा, बसलेली. ज्या दिवाळीत बिल्डिंगीत बोनसचे रंगीत टीव्ही आले, त्या दिवाळीत हे चोरबाजारातून ती कुर्ली घेऊन आले. आल्यागेल्याला छाती फुगवून सांगायचे, "शंभर वर्षांचा माल आहे. नुसतं बघायचं!" मी मालवणची. बोलून गेले, "अहो, हिला दोन पाय कमी आहेत." आठवडाभर माझ्याशी अबोला.

त्यांच्या मंदाताई वेसाव्याच्या कोळ्यांच्या. प्रेमविवाह. सासूबाईंच्या सोवळ्यापायी त्यांनी मासा सोडला, तो सासूबाई गेल्यावरही घरात आला नाही.

एका वर्षी मंदाताईंना मोठा ताप आला. उतरला, पण अन्नावरची वासनाच गेली. पेज दिसली की मान फिरवायच्या. डॉक्टर म्हणाले, "आवडेल ते द्या, पण खाऊ घाला. नाहीतर कठीण आहे." जोगळेकरांचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ बगलेत एक बशी घेऊन वेसाव्याच्या बाजारात! कोळणीसमोर धरली आणि म्हणाले, "ह्यातला द्या." ती म्हणाली, "असा म्हावरा आपले दर्यान नाय गावत, भाऊ." शेवटी तिनेच निवडून दिलेलं पापलेट दोन बोटांत लांब धरून माझ्या दारात उभे. "वहिनी, एवढं रांधून द्या. आमच्याच स्वयंपाकघरात."

बशीची हकिगत ऐकून मंदाताई इतक्या हसल्या, की मीच घाबरले.

"एवढी वर्षं ही भांडी कुणासाठी आणलीत, मला काय कळत नव्हतं?" त्या म्हणाल्या.

जोगळेकर खाली बघत पुटपुटले, "आईला मासा चालत नव्हता. चित्रातल्या माशाला तिची हरकत नव्हती."

असा शेजारी आहे माझा, सांगते!

मग ते ताट घेऊन पलंगाशी बसले. "वहिनी, काटा कुठून काढायचा?" मी दाखवलं. श्वास रोखून त्यांनी पहिला घास भरवला.

मंदाताईंनी तो गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.